निवळलेलं पाणी

“वहिनी, तुमच्या झऱ्यानं यंदा चांगलं बाळसं धरलंय हो,” डबा तोटीखाली सरकवत मावशी म्हणाली. “पूर्वी हा डबा भरेपर्यंत माझं सगळं गाऱ्हाणं सांगून व्हायचं. आता कुठे सुनेपर्यंत पोचतेय, तर डबा काठोकाठ.”

“मग डबा मोठा आणा.”

“तर! म्हणजे सून म्हणेल, म्हातारीला उचलवत नाही आणि मिरवायला डबे मोठाले.”

वहिनी हसली. ती बाजूच्या दगडावर बसून फडकं धूत होती. फडकी दोन होती. जुन्या मऊ चादरीची, चौपदरी शिवलेली. एक तोटीच्या तोंडाला बांधलेलं असायचं, दुसरं धुवायला. बादलीत खळबळून पिळलं, की आधी राखाडी पाणी निघायचं आणि मागून गाळ, काळसर, हाताला लोण्यासारखा लागणारा. तो ती पत्र्याच्या डब्यात निथळत ठेवायची.

“तुमच्या ह्या फडक्यानं माझं निम्मं काम वाचलं बघा,” मावशी म्हणाली. “मधे बाटल्यांच्या बुडाशी काय बसायचं! धाकटे मालक माझ्यावरच डाफरायचे. म्हटलं, मी बाटल्या धुते, पाणी धुवायचं काम माझं नाही.”

“ते काम माझं,” वहिनी म्हणाली.

‘धाकटे मालक’ म्हणजे वहिनीचा दीर. खालच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचा सोडावॉटरचा छोटा कारखाना होता, आणि मावशी तिथे बाटल्या धुवायला होती. गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंना घरांची एकेक रांग. ती जिथे संपायची तिथून गवताचा उभा चढ सुरू व्हायचा. तो चढ म्हणजे धरणाची पाठ.

धरण म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडीत सासऱ्यांनी स्वतःच्या जागेत, स्वतःच्या हिमतीवर घातलेला मातीचा बांध. त्यांची फळझाडांच्या कलमांची रोपवाटिका होती आणि तिला बारमाही पाणी हवं होतं. माथ्यावरून एखादी हातगाडी जाईल एवढा रुंद, पाण्याच्या अंगाला दगड लावलेले, गल्लीच्या अंगाला गवत. पायथ्याशी एक जागा पहिल्यापासून ओली असायची. सासऱ्यांनी तिथे विटांची पेटी बांधून तिला लोखंडी तोटी बसवली होती. ते गेले, रोपवाटिका आटोपली, गल्ली वाढली. तोटीतून येणाऱ्या पाण्याला लोक झरा म्हणू लागले आणि पाहुण्यांना कौतुकानं पाजू लागले. यंदा पाऊस भरपूर झाला होता. तो थांबून बरेच दिवस झाले तरी मागचा तलाव अजून काठोकाठ होता, आणि झरा एवढा जोरात होता की गल्लीतल्या बायका एकमेकींना हाक मारून दाखवत होत्या.

“पुदिना कसा आहे?” वहिनीनं विचारलं.

“माजलाय. तुमच्या त्या काळ्या मातीत काय आहे कोण जाणे. खिडकीतून बाहेर डोकावतो, सुनेची वाट बघितल्यासारखा.” मावशीनं डबा काखेला लावला. “तिला म्हटलं, बघ, तुझ्यापेक्षा बरा. दोन थेंब पाणी दिलं की हसतो तरी.”

ती गल्लीकडे वळली. वहिनीनं दुसरं फडकं खांद्यावर टाकलं आणि पायऱ्या चढायला लागली.

घर धरणाच्या एका टोकाला, टेकडीच्या खडकावर होतं. ओसरीवरून सगळं दिसायचं. डावीकडे तलाव, समोर धरणाचा माथा, उजवीकडे खाली गल्लीची पत्र्याची छपरं. नवरा ओसरीवरच खुर्ची टाकून बसायचा. आयुष्यभर त्यानं सूतगिरणीत टाइमकीपरचं काम केलं होतं. कामगार कधी आला, कधी गेला, एवढं बघायचं. निवृत्त झाल्यावर बघायला धरण उरलं. धाकटा म्हणायचा, दादा अजून हजेरी घेतो, फक्त आता पाण्याची घेतो.

“बाटली?” तिची चाहूल लागताच त्यानं विचारलं.

“आणते हो. धरण कुठे पळून जातंय?”

बाटली दिराच्याच कारखान्यातली होती, जाड काचेची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती बघत होती. रोज सकाळी नवरा पायऱ्या उतरून जायचा, तोटीवर बाटली भरायचा, उन्हाकडे धरून बघायचा, पाणी ओतून द्यायचा आणि वर यायचा. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या, आणि ते काम तिच्याकडे आलं. “तोंडापर्यंत भरून आण,” एवढंच तो म्हणाला होता. कशासाठी ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. पिण्याचं पाणी माणूस उजेडात धरतो ते चांगलं आहे की नाही हे बघायलाच. त्यात विचारायचं काय?

पावसाळा संपता संपता एका सकाळी तिनं आणलेली बाटली धुरकट निघाली. नवऱ्यानं ती बराच वेळ फिरवून फिरवून बघितली. मग काठी घेऊन उठला.

“कुठे निघालात?”

“खाली जाऊन येतो.”

“पायऱ्या शेवाळलेल्या आहेत. पडलात तर दुसरा गुडघा.”

तो पायरीच्या तोंडाशी थांबला. खाली बघितलं, परत बाटलीकडे बघितलं. “नीट विसळत जा ग,” तो मग म्हणाला. “तेलाची बिलाची असेल आधी.”

तेलाची! तिच्या घरातली भांडी आरशाला लाजवतील अशी असायची. दिवसभर ते तिला टोचत राहिलं. त्याच दिवशी दीरही कुरकुरत आला होता, बाटल्यांत कण येतात म्हणून. संध्याकाळी तिनं चादर फाडून चौपदरी फडकं शिवलं आणि तोटीला बांधलं. थोडे दिवस त्यावर भागलं. मग तेवढ्यानंही पाणी पुरतं साफ होईना. तेव्हा ती संध्याकाळीच पातेलं भरून आणायला लागली. त्यात तुरटीचा खडा फिरवायचा, झाकून फळीवर ठेवायचं, आणि सकाळी हात न हलवता वरचं वरचं निवळ पाणी बाटलीत ओतायचं. बाटलीत काही आहे की नाही हे कळू नये असं पाणी.

“बघ,” नवरा म्हणाला होता. “धुतलीस की कसं येतं.”

तिनं मान डोलावली होती आणि आत जाऊन स्वतःशीच हसली होती. संसारात असे छोटे विजय बोलून दाखवायचे नसतात. पातेल्याच्या बुडाचा आणि फडक्यातला गाळ तिनं कुंड्यांत घातला. मागच्या अंगणात मोगरा होता, जास्वंद होती, डब्याडुब्यांत पुदिना होता. टेकडीची माती तांबडी, भरड, पाणी न धरणारी. हा गाळ पडल्यापासून मोगरा असा फुटला की तिनं मावशीलाही डबाभर दिला.

त्या सकाळीही नवऱ्यानं बाटली उन्हाकडे धरली. “ठीक,” तो म्हणाला आणि बाटली खुर्चीच्या पायाशी ठेवली.

मग तपासणीच्या बाई आल्या.

कुठेतरी लांब कुणाचं तरी असंच खाजगी धरण गेलं होतं, म्हणून सरकारनं सगळीच छोटी धरणं बघायला माणसं पाठवली होती. बाई तरुण होत्या. पायात चिखलाचे बूट, हातात लोखंडी गज. सकाळपासून त्या धरणावर एकट्याच फिरत होत्या, मधेच वाकत होत्या, गज खुपसून बघत होत्या. त्या ओसरीवर आल्या तेव्हा त्यांच्या मागून धाकटाही धापा टाकत चढून आला.

“दादा, ह्या म्हणतात तलाव उतरवा. तलाव उतरला की झरा बसतो. मग कारखाना काय हवेवर चालवू?”

“सोड्यात हवाच असते की,” नवरा म्हणाला.

“बघितलंत बाई? आमचा दादा हा असा. धरण ह्याची पहिली बायको. वहिनी दुसरी.”

“दुसरीच्या हातचा चहा घेऊन जा,” वहिनी आतून म्हणाली. “पहिली काही चहा देत नाही.”

बाई हसल्या, पण लगेच कामाचं बोलल्या. माथा मधोमध किंचित खचलाय. पाठीवर झाडं वाढलीत, त्यांची मुळं आत गेली असतील. पाणी सोडायच्या झडपेचं चाक गंजून बसलंय, शेवटचं कधी फिरवलं होतं? आणि पायथ्याशी ओल बरीच आहे.

“ओल पहिल्यापासून आहे,” नवरा म्हणाला. त्याला राग आला नव्हता, उलट कुणीतरी ह्या विषयावर बोलतंय म्हणून तो खुशीत होता. “मातीचं धरण पाझरतंच. पाझरतं म्हणून घाबरायचं नाही. काय पाझरतं ते बघायचं.”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या.

“माझे वडील सांगायचे. नितळ आलं तर पाणी येतंय. गढूळ आलं तर धरण येतंय.” त्यानं वाकून बाटली उचलली आणि पुढे केली. “रोज बघतो. एक दिवस चुकवलेला नाही.”

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिचं पुढचं पाऊल उंबऱ्याच्या आतच राहिलं.

बाईंनी बाटली उन्हाकडे धरली. त्यांचा चेहरा आधी मोकळा झाला. मग त्यांनी बाटली थोडी तिरकी केली, बूड बघितलं, परत उजेडात धरली.

“हे फारच नितळ आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. “एवढ्या मातीतून आलेलं पाणी… ही बाटली भरून कोण आणतं?”

“ही आणते.”

“रोज? थेट तोटीवरून?”

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. हो म्हणणं अगदी सोपं होतं. नवरा विश्वासानं बघत होता, दीर तर बाईंचा प्रश्न संपायच्या आतच उत्तर गृहीत धरून चहाकडे हात करत होता. हो म्हटलं असतं तर बाई दुसऱ्या धरणावर गेल्या असत्या, आणि तिनं संध्याकाळी फडकी काढून जाळून टाकली असती. हे सगळं तिच्या मनात आलं आणि गेलं. तिनं पुढे होऊन ट्रे ओसरीवर ठेवला.

“मी गाळते,” ती म्हणाली.

“काय?” नवऱ्यानं विचारलं.

“पाणी. तोटीला फडकं बांधते. मग तुरटी फिरवून रात्रभर ठेवते. वरचं निवळ तेवढं तुम्हाला आणून देते.”

धाकटा मोठ्यानं हसला. “घ्या! वहिनीनं धरणसुद्धा गाळून घेतलं.”

दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा तोही थांबला.

“कधीपासून?” नवरा म्हणाला.

“बाटली नीट विसळत नाही म्हणालात ना. तेव्हापासून.” तिचा आवाज खाली गेला. “मला वाटलं, प्यायला चांगलं आहे का ते बघता.”

बाईंनी बाटली खाली ठेवली होती. “गाळ निघतो का? निघतो तो कुठे टाकता?”

ती त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेली. नवरा काठी न घेता मागून आला, भिंतीला धरत धरत. कुंड्या ओळीनं मांडलेल्या होत्या. सगळं अंगण तांबडं, टेकडी तांबडी, आणि कुंड्या तेवढ्या काळ्या. मोगऱ्याला कळ्या आल्या होत्या. नवऱ्यानं खाली वाकून एका कुंडीत बोटं घातली, चिमूट काढली, अंगठ्यानं बोटावर चोळली. ती पसरली आणि चकाकली.

“ही इथली नाही,” तो म्हणाला.

“मग?” बाईंनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं.

“गाभ्यातली आहे. वडिलांनी टेकडीपलीकडच्या जुन्या तळ्यातून आणवली होती, गाढवांवरून. धरणाच्या पोटात मधोमध ह्याची भिंत आहे. बाहेरची तांबडी माती नुसती पांघरूण. पाणी अडवते ती ही.” त्यानं बाकीच्या कुंड्यांकडे बघितलं, एकेक करत, गिरणीच्या दारात उभं राहून माणसं मोजावीत तसं. “ही पहिल्यांदा तुडवली तेव्हा मी लहान होतो.”

बाई तोवर पायऱ्यांकडे पळाल्या होत्या.

वहिनी आणि धाकटा मागोमाग गेले. बाईंनी तोटीवरचं फडकं ओरबाडून काढलं तेव्हा पाणी एकदम मोकळं झालं, पहिल्यापेक्षा दुप्पट, आणि त्याचा रंग चुलीतल्या राखेचा होता. विटांच्या पेटीपलीकडे गवतात आणखी एका जागी पाणी उकळल्यासारखं वर येत होतं आणि त्याच्याभोवती काळ्या मातीचं छोटं कडं साचलं होतं. सकाळी ते तिथे नव्हतं. की होतं? तिनं तिकडे बघितलंच नव्हतं.

“गल्ली रिकामी करा,” बाई म्हणाल्या. “आत्ता. सगळ्यांना पलीकडच्या चढावर, शाळेपाशी. सामान घेऊ देऊ नका.” मग धाकट्याकडे वळून, “तुम्ही माझ्याबरोबर चला. चाक फिरतंय का बघू.”

धाकट्यानं आपल्या कारखान्याच्या छपराकडे बघितलं. नेहमीसारखं काहीतरी बोलायला त्याचे ओठ हलले. “वहिनी, खरंच?” तो एवढंच म्हणाला.

“खरंच.”

तो माथ्याकडे पळत सुटला.

वहिनीनं आयुष्यात कधी कुणाच्या घराचं दार इतक्या जोरात वाजवलं नव्हतं. ऊन स्वच्छ होतं, आभाळ धुतल्यासारखं. कुणी जेवायला बसलं होतं, कुणी शिवणयंत्रावर होतं. “काय झालं वहिनी, दोघा भावांचं पुन्हा वाजलं का?” एकीनं विचारलं. “इतकी वर्षं नाही फुटलं ते आजच फुटणार? पाऊस तरी आहे का?” एकजण म्हणाला. तिला धरणाचं शास्त्र समजावून सांगता येत नव्हतं. “पाणी गढूळ आहे,” ती म्हणत राहिली. “मी गाळत होते म्हणून तुम्हाला दिसलं नाही. चला. पोरं घ्या आणि चला.” कुणालाही त्यातलं धड काही कळलं नाही, पण वहिनी असा आवाज कधी काढत नाही हे कळलं. एक दार उघडलं, मग पुढचं.

कारखान्यात मावशी बाटल्या पालथ्या घालत होती.

“सोडा ते. चढावर चला.”

“एवढी ओळ पुरी करू दे.”

“मावशी!”

“बरं बाई, चलते. सासूसारख्या ओरडू नका.” तिनं हात पुसले आणि सवयीनं आपला डबा उचलला.

“डबा कशाला?”

“माझा आहे म्हणून,” मावशी म्हणाली आणि बाकीच्या बायकांबरोबर चालू लागली. वहिनीनं तिला चढाला लागलेलं पाहिलं. तिची करडी वेणी, काखेत डबा. मग वहिनी आपल्या पायऱ्यांकडे वळली, कारण नवरा वर एकटा होता.

चाक थोडं फिरलं आणि अडकलं. बाईंनी आणि धाकट्यानं त्यावर पहार घालून अंग टाकलं, तेवढ्यानं ते आणखी जरासं सरकलं. झडपेतून पाणी निघत होतं, पण मागे सगळा तलाव होता. बाई फोनवर ओरडून कुणालातरी पंप मागत होत्या. नवरा ओसरीच्या कठड्याला धरून उभा होता. वहिनी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. चढावर माणसांचा घोळका बसला होता. पोरांच्या रडण्याचा आवाज इथपर्यंत येत होता.

“सगळे आले?” त्यानं विचारलं.

“आले.”

मग तिला गल्लीत काहीतरी हललेलं दिसलं.

मावशी होती. डबा घेऊन, रिकाम्या गल्लीतून, घाई नसल्यासारखी धरणाकडे येत होती. नंतर कळलं, की उन्हात पोरं पाणी पाणी करत होती आणि कुणीच पाणी घेतलं नव्हतं. सामान घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. मावशी म्हणाली होती, एवढा झरा धो धो वाहतोय आणि पोरं तहानलेली ठेवता? येते घेऊन. आणि फडकं? ते आपण बांधू.

वहिनी ओरडली. नवरा ओरडला. माथ्यावरून धाकट्यानं ऐकलं आणि तोही हात हलवत ओरडायला लागला. मावशीनं वर बघितलं. तिला ओरडणं ऐकू आलं असावं, पण त्यातले शब्द कळले नसावेत, कारण तिनंही हात वर करून हलवला. मग ती तोटीपाशी वाकली.

आवाज आधी झाला नाही. आधी माथ्याची मधली जागा खाली बसली, भिजलेल्या गादीवर कुणीतरी बसल्यासारखी. बाईंनी धाकट्याचा हात धरून त्याला ओढलं आणि दोघं घराच्या बाजूला पळाले. खाली गवताच्या पाठीतून एक काळा तुकडा बाहेर पडला, त्यामागून पाणी, आणि मग पाण्याला धरणाची गरजच उरली नाही. आवाज त्यानंतर आला. गल्लीची छपरं एकापाठोपाठ एक कलंडली. ओसरीवरच्या कपांतला चहा अजून पुरता निवलाही नव्हता असं वहिनीला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं, पण ते खरं असणं शक्य नव्हतं.

मावशीचा डबा तोवर भरला असणार. झरा जोरात होता.

चौकशीला माणसं आली. सगळी नवऱ्यासमोर बसली. बाईही होत्या. बाटली कोण बघत होतं, असं विचारल्यावर नवरा म्हणाला, “मी.” पाणी गाळलेलं होतं हे माहीत होतं का, असं विचारल्यावर म्हणाला, “मी विचारलं नाही.” आणखी खोदून विचारल्यावर त्यानं तेच उत्तर पुन्हा दिलं. वहिनी दाराआड उभी होती. तिला पुढे होऊन बोलायचं होतं. ती पुढे झालीही. त्यानं मान न वळवता हातानं तिला थांबवलं.

त्या रात्री तिनं त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, “मला बोला काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही. रागवा.”

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. “एक वाक्य होतं,” तो म्हणाला. “इतक्या वर्षांत सांगायचं राहिलं.” आणि जेवायला लागला.

धाकटा आता त्यांच्याच बाहेरच्या खोलीत राहत होता. धरणाबद्दल तो काही बोलत नसे. दादाला चिडवतही नसे, आणि त्याचं ते न चिडवणं घरभर जाणवायचं. मावशीची सून एकदा चढून आली. चिखलातून सापडलेला डबा तिच्या हातात होता, एका बाजूनं चेपलेला. ती पायरीवरच बसली, आत आली नाही.

“माझ्याबद्दल बोलायच्या का त्या कधी?” तिनं विचारलं.

“रोज,” वहिनी म्हणाली.

“काय म्हणायच्या?”

वहिनीनं डब्याकडे बघितलं. “म्हणायच्या, डबा भरला तरी तुझं सांगून संपत नाही.”

सुनेनं डोळे पुसले आणि हसल्यासारखं केलं. तिला खरं काय ते माहीत असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं मागच्या अंगणातली पहिली कुंडी उचलली. मोगरा मुळासकट काढून भिंतीशी ठेवला आणि कुंडी कंबरेवर घेऊन ती धरणाच्या तुटक्या टोकाकडे गेली. पाणी गेलेल्या तलावात चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. धरण मधोमध उघडं होतं, आणि कापलेल्या बाजूत बाहेरच्या तांबड्या मातीच्या आत गाभ्याची काळी भिंत दिसत होती, उभी, एकेका थराची रेघ मोजता यावी अशी. त्या भिंतीच्या पायाशी एक भगदाड होतं. तिनं कुंडी त्यात उपडी केली. मग दुसरी आणली. मग जास्वंदीची. सगळ्या कुंड्यांनी त्या भगदाडाचा तळही झाकला जाणार नव्हता, हे तिला दिसत होतं.

शेवटची कुंडी घेऊन ती आली तेव्हा नवरा तिथे उभा होता. काठी टेकत, एवढं अंतर तो कसा आला कोण जाणे. आता हा म्हणेल, वेडी आहेस का, असं तिला वाटलं.

“असं एकदम ओतायचं नसतं,” तो म्हणाला. “हातभर जाडीचा थर घालायचा. थोडं पाणी मारायचं. मग तुडवायचं, पाय रुतेनासा होईपर्यंत. मग वरचा थर. घाई केली की मधे पोकळी राहते. पाणी तीच शोधतं.”

तिनं माती पसरली. तो काठीच्या टोकानं एकेक जागा दाखवत होता, इथे कमी आहे, इथे गोळा राहिलाय. तिनं चपला काढून कडेला ठेवल्या, त्याच्या खांद्याला धरलं, आणि टाचेनं माती दाबायला लागली.